शेड कुठे असावी? विमानांची दुरुस्ती, परदेशातले तळ आणि नागपूर

७ ऑगस्ट २०१५ रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेलं एक विमान रायपूरच्या माना विमानतळावर तातडीने उतरलं. युनायटेड एअरवेज या बांगलादेशी कंपनीचं ते एमडी-८३. आत १७३ प्रवासी होते आणि एका इंजिनाने हवेतच दगा दिला होता. प्रवासी सुखरूप उतरले, दुसऱ्या विमानाने गेले. विमान मात्र तिथेच राहिलं. पुढच्या वर्षी कंपनी बंद पडली, उभं राहण्याचं भाडं चढत चढत कोटींच्या घरात गेलं, आणि रायपूरला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेला ते विमान वर्षानुवर्षं सवयीचं होऊन गेलं.

चरोद्याहून माना तासाभराच्या वाटेवर आहे. आमच्याकडे ज्याचा जन्म रेल्वेच्या आवाजात गेला, अशा माणसाला ते विमान बघून पहिला प्रश्न पडायचा तो हा, की याला शेडला का नेत नाहीत? मलाही तो पडला होता. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधायला लागलं की भारतातल्या विमान वाहतुकीचा एक मोठा, अर्धवट राहिलेला विषय उलगडतो. विमानाची दुरुस्ती कुठे व्हावी, विमानांचा तळ कुठे असावा आणि या दोन जागा एकत्र असाव्यात की नाही, असा तो विषय आहे. योगायोग असा की ज्या २०१५ साली ते विमान रायपूरला अडकलं, त्याच साली याच रेल्वेमार्गावर पश्चिमेला, नागपूरच्या मिहानमध्ये, बोइंगने बांधून दिलेली दोन प्रचंड हँगरं एअर इंडियाच्या हाती आली होती.

आधी चरोद्याबद्दल थोडं. भिलाई-चरोदा महापालिकेच्या हद्दीतलं हे गाव रेल्वेच्या नकाशावर ‘बीएमवाय’ म्हणून ओळखलं जातं, म्हणजे भिलाई मार्शलिंग यार्ड. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून खनिज, कोळसा, चुनखडी आत आणायची आणि रूळ, प्लेटा बाहेर पाठवायच्या, हा या परिसराचा श्वासोच्छ्वास आहे. यार्डाचं मूळ काम म्हणजे निरनिराळ्या दिशांनी आलेल्या गाड्या तोडायच्या, डबे त्यांच्या त्यांच्या ठिकाणाप्रमाणे लावायचे आणि नव्या गाड्या जोडून सोडायच्या. यार्डाला लागूनच विजेच्या इंजिनांची शेड आहे. इंजिन यार्डात आलं की शेडमध्ये जातं, ठरलेल्या मुदतीची तपासणी करून घेतं, परत गाडीला लागतं. या तपासण्यांना आयए, आयबी, आयसी अशी नावं आहेत आणि शेडमधल्या माणसांच्या बोलण्यात ती सणवारांसारखी येतात. मोठी दुरुस्ती, जिला पीओएच म्हणतात, ती मात्र यार्डाशेजारी होत नाही. डब्यांची पीओएच रायपूरच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये होते, इंजिनांची भुसावळसारख्या कारखान्यात. छोटं काम यार्डापाशी आणि मोठं काम जिथे कारखाना तिथे, ही वाटणी पुढे विमानांच्या बाबतीतही उपयोगी पडणार आहे.

विमान कंपन्या ज्याला हब म्हणतात ते याहून वेगळं नाही. चार दिशांनी विमानं एका वेळी आणायची, प्रवासी आणि माल इकडचा तिकडे बसवायचा आणि तासा-दोन तासांत सगळी विमानं परत चार दिशांना सोडायची. डब्यांऐवजी माणसं, इतकाच फरक. आणि या पद्धतीचा एक जुना प्रयोग आपल्या नागपुरात झाला होता, हे विदर्भाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला, सोनेगावच्या धावपट्टीवर, एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई, काही प्रवासीही विमान बदलत आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या शहरी परत पोचलेली असत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटलं जाई. तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी ही योजना हट्टाने पुढे रेटली. जे. आर. डी. टाटांचा तिला विरोध होता. रात्री उतरण्यासाठी लागणारी दिव्यांची आणि रेडिओची व्यवस्था देशात पुरेशी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते निराधार नव्हतं. सुरुवातीच्या कंपनीला सेवा चालवणं जमलं नाही, मग हिमालयन एव्हिएशनने ती उचलली, आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सने. डाकोटा विमानं होती, दुर्घटनाही झाल्या. पण सेवा टिकली, आणि राष्ट्रीयीकरणानंतरही बरीच वर्षं चालली. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिस शहरात रात्री विमानं गोळा करून पार्सलांची अदलाबदल सुरू केली ती १९७३ साली. ती गोष्ट व्यवस्थापनाच्या पुस्तकांत शिकवली जाते. सोनेगावची गोष्ट त्याच्या २४ वर्षं आधीची आहे आणि ती कुठल्या अभ्यासक्रमात असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

नागपूरला हे का जमलं, याचं कारण भूगोलात आहे. चार महानगरांच्या मधोमध एक शहर आणि प्रत्येक अंतर तेव्हाच्या विमानाच्या एका झेपेतलं. भूगोल आजही तोच आहे. बदलली ती विमानांची झेप. जेट विमानाला मुंबईहून कलकत्त्याला जाताना मध्ये थांबायची गरज उरली नाही, आणि नागपूरचं मध्यरात्रीचं यार्ड ओस पडलं.

आता परदेशातल्या तळांकडे वळू, कारण मुंबईच्या दोन कंपन्यांनी हाच नागपूरचा खेळ युरोपात मांडून पाहिला.

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाता येईल अशी विमानं थोडी आणि महाग होती तेव्हा मधला थांबा अटळ होता. जेट एअरवेजने २००७ च्या ऑगस्टमध्ये तो थांबा ब्रसेल्सला घेतला. बेल्जियमची साबेना ही कंपनी २००१ मध्ये बुडाल्यामुळे तिथल्या विमानतळावर जागा रिकामी होती आणि यजमान उत्सुक होते. मुंबई, दिल्ली आणि चेन्नईची विमानं सकाळी ब्रसेल्सला एकत्र यायची, प्रवासी आपापसांत बदलायचे आणि तीच विमानं नेवार्क, न्यूयॉर्क, टोरांटोकडे निघायची. चेन्नईचा प्रवासी टोरांटोला, दिल्लीचा नेवार्कला. शिवाय ब्रसेल्सहून अमेरिकेला जाणारा बेल्जियन प्रवासीही घेता यायचा. दुसऱ्याच दोन देशांमधले प्रवासी वाहून नेण्याच्या या हक्काला विमान व्यवसायात पाचवं स्वातंत्र्य म्हणतात. तो देशादेशांतल्या करारांनी मिळतो आणि करारांनीच जातो. योजना हुशार होती. जवळजवळ नऊ वर्षं ती चालली. २०१६ च्या मार्चमध्ये जेटने तळ ॲमस्टरडॅमला हलवला. दरम्यान २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहादने जेटमध्ये २४ टक्के हिस्सा घेतला होता, आणि जेटचे बरेच प्रवासी अबू धाबीमार्गे जाऊ लागले होते. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची सेवा थांबली. त्याच्या आठवडाभर आधी, थकलेल्या पैशांसाठी एका मालवाहतूक एजंटाने जेटचं बोइंग ७७७ ॲमस्टरडॅममध्येच अडकवून ठेवलं होतं. परक्या तळावर आपली वस्तू किती परकी असते, हे त्या प्रसंगात दिसलं.

एअर इंडियाचा फ्रँकफर्टचा प्रयोग तर त्याहून अल्पायुषी. २००९ मध्ये मोठा गाजावाजा करून तो सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी गुंडाळला गेला. कारण समजण्यासारखं होतं. जुलै २०१० मध्ये दिल्लीचं टर्मिनल ३ उघडलं. तळ घरीच करता येत असेल तर फ्रँकफर्टला भाडं का भरायचं? त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही.

या दोन प्रयोगांत काय कमी होतं, असं विचारलं तर लोक सहसा पैशाकडे बोट दाखवतात. पैशाची चणचण होतीच. पण यार्डाशेजारी वाढलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. तिथे यार्ड होतं आणि शेड नव्हती. ब्रसेल्सला विमान दोन-तीन तास थांबायचं. त्यात काही बिघडलं तर सुटा भाग मुंबईहून यायचा किंवा तिथल्या कुणाकडून महागाने घ्यायचा, आणि तोवर पलीकडच्या गाडीचे प्रवासी ताटकळत राहायचे. विमानाची रोजची देखभाल, जिला लाइन मेंटेनन्स म्हणतात, ती विमान जिथे रोज परततं तिथेच स्वस्तात होते. तिथे सुट्या भागांचं भांडार असतं, त्या जातीच्या विमानाचा परवाना असलेले इंजिनिअर असतात, अडचणीच्या वेळी जागी लावायला एखादं राखीव विमानही असतं. हा साठा परक्या शहरात दोन-तीन विमानांसाठी ठेवणं परवडत नाही.

दुबईने नेमकं हे ओळखलं. एमिरेट्स २५ ऑक्टोबर १९८५ रोजी सुरू झाली ती पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सकडून भाड्याने घेतलेल्या विमानांवर. पहिल्या ठिकाणांत कराचीबरोबर मुंबई आणि दिल्लीही होत्या. चाळीस वर्षांत तिथे जो डोलारा उभा राहिला त्यात धावपट्टीइतकीच हँगरं महत्त्वाची आहेत. विमान दिवसाकाठी दुबईला परततं, आणि दुबईतच त्याची तपासणी, रंग, खुर्च्या, इंजिनाचं काम होतं. सिंगापूर, इस्तंबूल, हाँगकाँग इथेही हाच जोड आहे. हाँगकाँगची हेको ही दुरुस्ती कंपनी तर १९५० पासूनची. आणि या सगळ्यांच्या विमानांत बसणारे आपण आहोत. दुबई आणि भारत यांच्यात आठवड्याला प्रत्येक बाजूला सुमारे ६६ हजार जागांचा करार आहे. आज नागपूरहूनही दोहा आणि शारजाला विमानं जातात. म्हणजे ज्या शहरात एकेकाळी चार महानगरांची टपालविमानं एकत्र यायची, तिथला माणूस आता लंडनला जायला दोह्यात विमान बदलतो. विदर्भातल्या, छत्तीसगडमधल्या घरांची ती मोठी सोय आहे आणि तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण त्या तिकिटातला हिस्सा कुठे जातो, हेही नीट पाहायला हवं. भाड्याबरोबर दुरुस्तीचं कामही जातं, आणि त्या कामाबरोबर कारागिरी.

हँगरात होतं काय, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. विमानाच्या तपासण्यांना ए, सी अशी अक्षरं आहेत. ए तपासणी काहीशे तासांच्या उड्डाणानंतर, एखाद्या रात्रीत उरकणारी. सी तपासणी दीड-दोन किंवा काही जातींना तीन वर्षांनी, तिला दिवस लागतात. आणि सगळ्यांत मोठी, सांगाड्यापर्यंत जाणारी तपासणी अनेक वर्षांतून एकदा होते. बोइंग ७८७ ची तर बारा वर्षांनी. त्या वेळी विमान जॅकांवर उचलतात, खुर्च्या, स्वयंपाकघर, शौचालयं, जमिनीच्या पाट्या सगळं काढून ठेवतात. आतला सांगाडा उघडा पडतो. मग विद्युतप्रवाहाने आणि ध्वनिलहरींनी तडे शोधतात, जसे रेल्वेत आसाचे शोधतात. इंजिनात दुर्बिणीसारखी बारीक नळी घालून पाती बघतात. हत्यारांची फळी असते आणि तीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. एक पाना जागेवर नसेल तर तो सापडेपर्यंत विमान सुटत नाही. शेवटी परवानाधारक इंजिनिअर सही करतो, आणि त्या सहीची जबाबदारी व्यक्तिशः त्याची असते. या कामाला हजारो मनुष्यतास आणि महिना-दीड महिना लागतो.

रायपूरच्या विमानाचं उत्तर इथे सापडतं. शेडची मान्यता विमानाच्या जातीगणिक असते. इंजिनिअरचा परवानाही जातीगणिक. भारतातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीकडे एमडी-८३ नव्हतं, त्यामुळे त्याचे सुटे भाग किंवा त्यावर सही करू शकणारे हात जवळपास असण्याचा प्रश्नच नव्हता. ते बनवणारी मॅकडॉनेल डग्लस कंपनी १९९७ मध्येच बोइंगमध्ये विलीन झालेली. बोइंगने बांधलेली हँगरं जवळ असूनही त्या विमानासाठी ती परक्या घरासारखीच. आणि मालकच बुडाल्यावर खर्च करणार कोण? आमचं इंजिन दुसऱ्या शेडलाही जाऊ शकतं, कारण देशभर इंजिनांच्या मोजक्याच जाती आहेत आणि मालक एकच आहे.

आता मिहान. नाव लांबलचक आहे, मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर. त्या नावात हब आहे, आणि स्वप्न तेच होतं, सोनेगावचं जुनं यार्ड पुन्हा उभं करायचं, या वेळी मालासाठी. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. त्यानंतर एअर इंडियाने ६८ बोइंग विमानांची मागणी नोंदवली, त्यात २३ ट्रिपल सेव्हन (७७७) आणि २७ ड्रीमलायनर, म्हणजे ७८७. तेव्हा बोइंगने भारतात दुरुस्तीकेंद्र उभारण्यासाठी १० कोटी डॉलर गुंतवण्याचं मान्य केलं, आणि जागा ठरली नागपूर. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल त्या वेळी नागरी विमान वाहतूक मंत्री होते. गोंदिया आमच्या लाईनवरचंच मोठं जंक्शन.

सुमारे ५० एकरांवर, प्रत्येकी १०० मीटर लांबी-रुंदीची दोन हँगरं. त्यांत ट्रिपल सेव्हनसारखं विमान पंखांसकट आत जातं. पण २००६ चं वचन पुरं व्हायला २०१५ उजाडलं. नऊ वर्षांत आर्थिक मंदी आली, ड्रीमलायनरच लांबलं, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या आणि तोट्यात रुतल्या. मालवाहतुकीचं हब तर आलंच नाही. दुसरी धावपट्टी कागदावर राहिली. विमानतळ खाजगी कंपनीला चालवायला देण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२२ मध्ये निकाल लागला तरी पुन्हा दाद मागण्यात आणखी दोन वर्षं गेली.

नागपूरबद्दल बोलणाऱ्यांची इथे एक चूक होते, असं मला वाटतं. हब आलं नाही म्हणून हँगरंही फसली, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब यार्ड आणि कारखाना यांची गल्लत करतो. रोजच्या तपासणीला हब लागतं, मान्य. पण जे विमान दीड महिना सेवेतून बाहेर काढायचं आहे त्याला हबची काय गरज? ते रिकामं उडत कुठेही जाईल. जिथे काम वेळेवर होईल, सही जगात मान्य असेल आणि दर परवडेल तिथे जाईल. डब्यांची पीओएच यार्डात होत नाही म्हणून रायपूरच्या कारखान्याचं काही अडलं नाही. मोठ्या तपासणीसाठी हवी ती स्वस्त, मोकळी जमीन, कोरडी हवा, कुशल हात आणि धावपट्टी. नागपूरला हे सगळं आहे. जागतिक उदाहरण द्यायचं तर एअर इंडियाने २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या जुन्या ७८७ विमानांचं अंतरंग बदलण्यासाठी पहिलं विमान कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला पाठवलं. व्हिक्टरव्हिल कुणाचंही हब नाही. वाळवंटातलं ठिकाण आहे ते. खुर्च्यांचे आराखडे, त्यांच्या मान्यता आणि बोइंगचं मनुष्यबळ तिकडे, म्हणून विमान तिकडे. पण नागपूरच्या हँगराचा बांधकामदार आणि त्या विमानाचा बांधकामदार एकच होता, हे आठवून मन चुकचुकतं.

मग नागपूरचं अडलं कुठे? माझ्या मते तीन गोष्टींत, आणि त्यांचं वजन सारखं नाही.

पहिली गोष्ट करांची. काही वर्षं असं होतं की भारतीय कंपनीने भारतात काम करून घेतलं तर १८ टक्के वस्तू-सेवा कर, आणि विमान परदेशी पाठवलं तर त्याहून कितीतरी कमी. देशातली शेड महाग आणि परदेशातली स्वस्त, हे आपणच करून ठेवलं होतं. एप्रिल २०२० मध्ये कर ५ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२१ च्या धोरणात विमानतळांवर द्यावी लागणारी रॉयल्टी गेली आणि जमिनीचा भाडेपट्टा ३० वर्षांपर्यंत मिळू लागला. त्याआधी तीन-पाच वर्षांच्या करारावर कुणी हँगर बांधायचं तरी कसं? जुलै २०२४ पासून सुट्या भागांवरही सरसकट ५ टक्के. ही गाठ उशिरा का होईना सुटली आहे.

दुसरी इंजिनांची. दुरुस्तीच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा इंजिन खातं, आणि इंजिनाची शॉप हँगरापेक्षा अवघड असते. मुंबईच्या गो फर्स्टने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं वेळेवर मिळत नाहीत, हेच कारण पुढे केलं होतं. त्याच इंजिनांमुळे इंडिगोचीही डझनावारी विमानं जमिनीवर होती. तेव्हा विमानांना हँगर हवं नव्हतं, इंजिन हवं होतं. हैदराबादला इंजिनं बनवणाऱ्या साफ्रानने २०२५ च्या नोव्हेंबरात लीप इंजिनांची मोठी शॉप उघडली. पूर्ण क्षमतेने वर्षाला ३०० इंजिनं तिथे होतील, असा अंदाज आहे. हे काम मुंबई-नागपूरकडे आलं नाही, याची महाराष्ट्राने नोंद घ्यायला हवी.

तिसरी गोष्ट मालकीची, आणि मला तीच सर्वांत गंभीर वाटते. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत गेली. पण तिची दुरुस्ती करणारी एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ही कंपनी, नागपूरच्या हँगरांसकट, सरकारकडेच राहिली. गाड्या एकाच्या आणि शेड दुसऱ्याची झाली. ती कंपनी पुढे विकायचं ठरलं होतं, अजून विकली गेलेली नाही. दरम्यान टाटांनी वाट पाहिली नाही. एअर इंडियाने बेंगळुरूला ३५ एकरांवर स्वतःची हँगरं उभारायचं ठरवलं, सोबतीला सिंगापूरची एसआयए इंजिनिअरिंग. इंडिगोही बेंगळुरूलाच. एअर इंडिया समूहाची ४७० आणि इंडिगोची ५०० विमानं, दोन्ही मागण्या २०२३ मधल्या. एवढी विमानं येत असताना आपली शेड आपल्या हातात असावी असं कुणालाही वाटेल. पण जी शेड तयार उभी आहे तिचं भवितव्य अधांतरी ठेवून नवी बांधायची, यात देशाचा पैसा दुप्पट लागतो.

नागपुरात सगळं थांबलं आहे असं मात्र नव्हे. मिहानमध्येच इंदामेर टेक्निक्सची ३० एकरांवरची हँगरं आहेत. त्यांत अरुंद बांध्याच्या विमानांची कामं होतात आणि २०२५ मध्ये ती कंपनी अदानी समूहाने भागीदारीत घेतल्याचं जाहीर झालं. त्याआधी त्याच समूहाने १९५१ पासूनची एअर वर्क्स ही दुरुस्ती कंपनी घेतली. नाशिकला, ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, एअरबसच्या ए-३२० विमानांसाठी दुरुस्तीची सोय करण्याचा करार २०२४ मध्ये झाला. ओझरचे हात मिगपासून सुखोईपर्यंत लढाऊ विमानांच्या ओव्हरहॉलिंगवर तयार झालेले आहेत. तिथे प्रवासी विमानं आली तर मला नवल वाटणार नाही, उलट इतकी वर्षं का लागली याचं वाटेल.

आणि मुंबई? कलिना आणि सांताक्रूझची जुनी हँगरं हे भारतातल्या विमानदुरुस्तीचं माहेर. पण त्या विमानतळावर आता पाऊल ठेवायला जागा नाही. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. तिथे रात्रीच्या तपासणीची सोय भरपूर ठेवली, तर दुबईसारखा जोड पहिल्यांदाच महाराष्ट्रात जमू शकेल. नवी मुंबईत यार्ड आणि छोटी शेड, नागपुरात मोठा कारखाना. चरोदा आणि रायपूर यांच्यात जी वाटणी साठेक वर्षं चालली आहे तिच्यासारखीच ही वाटणी.

एक गोष्ट या मांडणीला छेद देते आणि ती झाकून चालणार नाही. आमचं यार्ड पूर्वीचं राहिलेलं नाही. १९८० च्या दशकापासून रेल्वेने सुटे डबे जोडण्या-तोडण्याऐवजी आख्खी गाडी एका ठिकाणाहून थेट दुसऱ्या ठिकाणी नेण्याची पद्धत धरली. देशभरच्या मार्शलिंग यार्डांतलं डबे लावण्याचं काम ओसरलं. विमानांतही तेच चाललं आहे. ७८७ सारखी विमानं मध्ये न थांबता जातात. इंडिगो २०२५ च्या जुलैपासून मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टरला थेट जाऊ लागली. लांब पल्ल्याची अरुंद विमानं आता युरोपपर्यंत पोचतात. उद्या दोह्यात विमान बदलावं लागणार नाही, अशी शक्यता खरी आहे. उलटही होतं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली आणि एअर इंडियाच्या अमेरिकेच्या विमानांना व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधनासाठी थांबावं लागलं. एका आदेशाने युरोपातला थांबा पुन्हा गळ्यात आला. हब असं राजकारणावर आणि विमानाच्या झेपेवर हलत राहतं.

शेड तितकी हलत नाही. यार्डातलं डबे लावणं कमी झालं तरी चरोद्याची लोको शेड कमी झाली नाही. इंजिनं वाढली तशी ती वाढली. गाडी थेट जावो की तुटून-जोडून, इंजिनाला मुदतीची तपासणी लागतेच. विमान दुबईमार्गे जावो की थेट, ठरलेल्या वर्षांनी त्याचा सांगाडा उघडावाच लागतो, ७८७ चा बारा वर्षांनी. एअर इंडियाचं पहिलं ड्रीमलायनर सप्टेंबर २०१२ मध्ये आलं होतं. म्हणजे त्या विमानांची बारा वर्षं २०२४ पासून एकामागून एक भरू लागली आहेत, आणि २०२३ मध्ये मागवलेल्या शेकडो विमानांची पाळी त्यांच्या मागून येणार आहे. या कामाची तारीख आधीच ठाऊक असते. पावसासारखी त्याची वाट बघावी लागत नाही.

म्हणून महाराष्ट्राने आणि केंद्राने नागपूरसाठी कार्गो हबच्या मागे लागण्याआधी दोन गोष्टी कराव्यात, असं मला वाटतं. सरकारी दुरुस्ती कंपनीच्या विक्रीचा निर्णय एकदाचा करावा, विकायची तर नागपूरचं हँगर मोठ्या विमानांच्या तपासणीसाठीच राहील या अटीवर. आणि परवानाधारक इंजिनिअर तयार करण्याची सोय मिहानच्या दारातच करावी. हा परवाना मिळायला पुस्तकी परीक्षांबरोबर प्रत्यक्ष विमानावरची वर्षं लागतात, आणि ती वर्षं फक्त हँगरातच मोजली जातात. दुर्ग, भिलाई, राजनांदगाव, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना वेल्डिंग, मोजमाप, तडे शोधणं यांची घरातूनच ओळख असते. कुणाचे वडील रोलिंग मिलमध्ये, कुणाचे शेडमध्ये. ही मुलं आज कामासाठी पुण्याला, हैदराबादला जातात, काही शारजा-अबू धाबीपर्यंत. नागपूर त्यांना रेल्वेने फार तर पाच तासांवर आहे. सकाळची गाडी पकडली तर दुपारच्या पाळीला ती हँगरात उभी राहू शकतात.